परबकाकांचं नाक

गेल्या महिन्यात मुलुंडला एका रिसेप्शनला गेले होते. माझ्या क्लासमधल्या जुन्या विद्यार्थिनीचं लग्न, लॉनवर सगळा थाटमाट, आणि एका कोपऱ्यात रंगीत दिव्यांचं काउंटर. काउंटरमागे काळं जाकीट घातलेला एक माणूस स्टीलचा डबा डोक्याच्या वर नेऊन दणादण हलवत होता. समोरच्या पाहुण्याने मार्टिनी मागितली होती. मी तिथे लिंबूसोडा घ्यायला गेलेली बाई, माझा काय संबंध? पण तोंडातून निघूनच गेलं, "अहो, मार्टिनी करताय की ताक घुसळताय?"

दोघंही माझ्याकडे बघत राहिले. पन्नाशीला आलेली, पैठणी नेसलेली, दहावीला गणित शिकवणारी बाई. पाहुणा म्हणाला, "मॅडम, आपण घेता वाटतं?" मी म्हटलं, "एक चमचा घेते. पण कळतं पूर्ण." आणि सोडा उचलून तरातरा निघून आले. खुर्चीवर टेकल्यावर माझं मलाच हसू आलं, कारण ताकाचं ते वाक्य माझं नव्हतंच. ते परबकाकांचं होतं, अगदी हेलासकट.

परबकाका म्हणजे भांडुपला आमच्या समोरच्या दारात राहणारे गोविंद परब. वीसेक वर्षांचा शेजार. आता आमची बिल्डिंग पाडायला घेतलीय, म्हणून ते आणि शैलाकाकी कुडाळला गावच्या घरी राहायला गेलेत आणि मी नि माझी आई दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या घरात. काका बुटके, काटक, पांढऱ्या गंजीतले. नाक मात्र असं, की देवाने आधी नाक केलं आणि मग उरलेल्या मालात बाकीचा परब बसवला. हे मी नाही म्हणत, काकी म्हणायची, पाहुण्यांसमोर.

त्या नाकावरच त्यांचं घर चाललं होतं. मुलुंडला एका सुगंधी द्रव्यांच्या कारखान्यात ते बाटल्या धुवायला लागले आणि साबणाचा, पावडरीचा, उदबत्तीचा वास पास करायच्या टेबलावरून रिटायर झाले. वडील गिरणीत होते. ते म्हणायचे, आमच्या सात पिढ्या हाताने कमावून खाल्लं, हा एकच नाकाने कमावतो. कारखान्यातल्या मोठ्या साहेबांनी काकांना एकदा ज्युनिपरच्या फळाचं तेल कागदाच्या पट्टीवर लावून दिलं आणि विचारलं, "परब, काय दिसतं?" काका म्हणाले, "पाऊस पडून गेल्यावरचं सुरूचं बन दिसतं, साहेब." साहेब इतके खूश झाले, की संध्याकाळी त्यांना आपल्या क्लबात घेऊन गेले आणि समोर त्याच ज्युनिपरच्या वासाची एक मार्टिनी ठेवली. "त्या दिवशी मी दारू नाय प्यायलो," काका सांगायचे, "मी वास प्यायलो." तोवर त्यांनी आयुष्यात गावठीसुद्धा चाखली नव्हती.

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता एक मार्टिनी. एकच, छोटी, आणि दार सताड उघडं ठेवून. सोसायटीत आधी कुजबुज झाली, परब पितात म्हणून. काकांनी सेक्रेटरीला जिन्यातच ऐकवलं, "लपून पितो तो दारुडा. मी सगळ्यांच्या देखत पितो. ये तू पण, बस. पण बस म्हटलं की गप्प बसायचं." सेक्रेटरी काही आला नाही. खालच्या मजल्यावरचे नाईक आले, बस डेपोतून रिटायर झालेले, आणि त्यांनी ती जागा कधी सोडली नाही. मी आले ते लिंबाची साल काढून द्यायला. काकांचा हात थोडा थरथरायला लागला होता आणि माझा हात भूमितीच्या आकृत्या काढून स्थिर. मोबदल्यात मला एक चमचा मिळायचा.

काकांची मतं ऐकायची तर कान तयार ठेवून बसावं लागे. मार्टिनीत जिनच. कोणी व्होडकाचं नाव काढलं, की ते खवळायचे. "व्होडकाला वासच नाय. बिनवासाची वस्तू मी कशाला पिऊ? नळाला पाणी येतंय की!" जिनमध्ये ज्युनिपर पुढे, त्याच्यामागे धने, त्याच्यामागे संत्र्याची साल, हे ते आपल्या लग्नातले पाहुणे ओळखून दाखवावेत तसे एकेक करून दाखवायचे. दुसरी बाटली व्हर्मुथची. ही औषधी वनस्पती घातलेली पांढरी वाइन. पाच भाग जिन, एक भाग व्हर्मुथ. काही शहाणे म्हणे व्हर्मुथ घालतच नाहीत, बाटली नुसती दाखवतात. "मग वरणाला डाळ पण लांबून दाखवा," काका म्हणायचे.

व्हर्मुथ फ्रीजमध्येच ठेवायची, हा तर कायदाच. नाईकांच्या मेव्हण्याने ती शोकेसमध्ये ठेवली होती, दोन वर्षं, ताजमहालाच्या शेजारी. काकांना कळल्यावर ते मुद्दाम खाली जाऊन नाईकांना बोलले, "ती वाइन आहे रे, ती नासते! मेव्हणा दूध पण शोकेसमध्ये ठेवतो काय?"

आणि हलवायची नाही, ढवळायची. लांब चमच्याने, ग्लासाच्या कडेकडेने, आवाज न करता. हलवली की बर्फाचा चुरा होतो, जिन गढूळ होते, वास मरतो. बर्फ विरघळून जे पाणी उतरतं, ती तिसरी वस्तू, आणि लोक नेमकं तेच विसरतात. म्हणून बर्फाचं पाणी दोनदा उकळलेलं, स्टीलच्या डब्यात गोठवलेलं, सुरीने फोडलेलं. ऑलिव्ह नको, ते खारट फळ जिनशी भांडतं. साल हवी ती ईडलिंबाची, गावाहून आलेल्या. ग्लास लहान आणि थंडगार. सोबत चकणा नाही. काकी तळलेले बोंबील घेऊन यायची, ते ग्लास रिकामा झाल्यावरच मिळायचे. पहिल्या घोटाला कोणी बोलायचं नाही. आणि दुसरी कधी मागायची नाही, मागितली तर पहिली नीट प्यायला नाहीत असा अर्थ.

पण त्या आधी एक विधी असायचा. खिडकीच्या कट्ट्यावर तीन थेंब, जागेवाल्याला. गावी राखणदाराला देतात तसं. मी एकदा विचारलं, "काका, भांडुपच्या जागेवाल्याला ही फॉरेनची चालते?" ते म्हणाले, "अगो, इथे इतके बिल्डर आले नि गेले, त्याने सगळ्याची सवय करून घेतली."

बर्फावरून त्यांची आणि काकीची जी भांडणं झाली, ती सगळ्या जिन्याला पाठ होती. काकी फ्रीजरमध्ये मासे ठेवायची. शनिवारी काका बर्फाचा खडा नाकाशी नेऊन ओरडायचे, "ह्याका सरंग्याचो वास येता!" काकी आतून ओरडायची, "बर्फाक वास? नाक कापून ठेवा एकदा!" शेवटी रिटायर झाल्यावर काकांनी पहिली खरेदी कसली केली असेल, तर कंबरेएवढ्या छोट्या फ्रीजची. त्यात फक्त बर्फ, ग्लास, जिन आणि व्हर्मुथ. काकी त्याला सवत म्हणायची.

एवढं सगळं सांगितलं ते अशासाठी, की पुढे काय गेलं ते कळावं.

दोन वर्षांमागे दिवाळीनंतर काकांना ताप आला. आठ दिवस नुसती ग्लानी. बरे झाले, चहा प्यायला लागले, शनिवार पुन्हा सुरू झाला. आम्हाला वाटलं, सुटलो एकदाचे. फरक इतकाच पडला होता, की काका बर्फावरून भांडेनासे झाले होते. मला वाटलं, आजारपणाने माणूस मवाळ झाला. कसलं काय!

मार्गशीर्षात त्यांच्या मुलीची, मुग्धाची ओटी भरायचा कार्यक्रम होता. घर पाहुण्यांनी भरलेलं. मुग्धाचे सासरे बोरिवलीहून आलेले, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, सफारीतले गृहस्थ. त्यांनी काकांच्या मार्टिनीबद्दल मुलाकडून ऐकलं होतं. नेमका शनिवार. सात वाजता ते म्हणाले, "परबसाहेब, आज खरी मार्टिनी काय असते ते कळू दे आम्हालाही." काका फुलले. नवा शर्ट घालून बसले. व्याही, नाईक, मी आणि काका.

आता हे नीट सांगते, कारण अशी चूक कोकणी घरातच होऊ शकते. आमच्याकडे रिकामी बाटली कोणी टाकत नाही. दारूची बाटली जाड काचेची, झाकण पक्कं, त्यामुळे ती मे महिन्यात गावी जाते आणि खोबरेल, कोकमाचं आगळ, काहीही भरून परत येते. काकांच्या व्हर्मुथच्या हिरव्या बाटल्या अशाच सावंतवाडीला काकीच्या बहिणीकडे जायच्या. तिने ह्या वेळी लोणच्यासाठी माडाचं व्हिनेगर आणलं होतं, त्याच हिरव्या बाटलीत, लेबलासकट. आणि आल्या आल्या छोट्या फ्रीजमध्ये तशीच बाटली दिसली, म्हणून बिचारीने ती तिच्या शेजारी नेऊन ठेवली.

काकांनी फ्रीज उघडला, बाटली काढली, झाकण उघडलं आणि नेहमीसारखी नाकाखाली धरली. डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. "वा," म्हणाले. आणि ओतली.

ढवळणं झालं, जागेवाल्याला तीन थेंब झाले, साल पिळून झाली. पहिला घोट, नियमाप्रमाणे सगळे गप्प. मी माझा चमचा तोंडात घातला आणि माझ्या कानशिलांतून कळ गेली. डोळ्यांत पाणी! मी समोर बघितलं. व्याह्यांनी घोट गिळला, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "ग्रेट. एकदम... बोलतं पेय आहे." नाईक म्हणाले, "आज झकास जमलीय, परब." खोटं बोलत होता मेला! की खरंच वाटत होतं कोण जाणे, काकांच्या घरात काकांच्या मार्टिनीला नाव ठेवायची कोणाची टाप होती?

काकांनी स्वतः घोट घेतला मात्र, आणि त्यांचा चेहरा उतरला. आंबट तर जिभेलाच कळतं, त्याला नाक लागत नाही. त्यांनी बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. उठले आणि बाटली घेऊन आत गेले. मी मागोमाग.

स्वयंपाकघरात पाठमोरे उभे होते. बाटली नाकाला लावलेली, आणि श्वास घेत होते, जोरजोरात, छाती भरभरून. मग वळले. काका रागावले किंवा घाबरले की मालवणीत बोलायचे.

"सुजाता, ह्येका वास येता काय गो?"

"काका, नाकातले केस जळतायत."

"माका नाय येत."

मला आधी समजलंच नाही. ते म्हणाले, "कसलोच नाय येत. तापापासून. शैलाचे मासे, फिनेल, उदबत्ती, काय नाय. सकाळी उठान पहिली हात हुंगतंय माझे. हात पण नाय येत." त्यांचे डोळे भरून आले. "नाक गेला तर मी कोण रवलंय गो?"

मी त्यांचा हात धरून उभी राहिले. मला भयंकर राग आला होता, कोणाचा ते कळत नव्हतं. दीड महिना हा माणूस एकटा हे घेऊन बसला होता. त्यांनी मला शपथ घातली, शैलाला सांगायचं नाही, मुग्धाला तर मुळीच नाही, तिचे दिवस भरत आलेत. मग तोंडावर पाणी मारून बाहेर गेले. व्याही म्हणाले, "आणखी एक होईल का?" काका म्हणाले, "एकच असते." ह्या व्याह्यांचं पुढे काय झालं ऐका. मुग्धाच्या दिराच्या साखरपुड्याला एका मोठ्या हॉटेलात ह्यांनी मार्टिनी मागवली, घोट घेतला आणि वेटरला म्हणाले, "ही ओरिजिनल नाही. हिला आंबटपणा कुठाय?"

माघात मुग्धाला मुलगी झाली, रेवा. बाळ-बाळंतीण माहेरीच होती. धुरी, ओवा, बाळंतशोपा, सगळा जिना घमघमायचा, आणि मला प्रत्येक वासागणिक काकांची आठवण यायची. पाचवी झाल्यावर एकदा ते जिन्यात भेटले. म्हणाले, "लोक म्हणतत, बाळाच्या टाळूक वास येता. मी टाळूर नाक टेकवलंय. माका निसतो तेलाचो ओलावो लागलो." आणि पिशवी घेऊन भाजीला निघून गेले. त्या दिवशी मी क्लासमध्ये मुलांवर उगाचच खेकसले.

मग चैत्रातली ती सकाळ. माझी आठची बॅच चालू होती. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "सुजे, गॅस कोणाचा?" आमचा बंद होता. दार उघडलं तर जिन्यात उग्र वास, समोरच्या दाराखालून येणारा. मी दोन्ही हातांनी दार बडवलं. बाहेरच्या बेलला हात लावला नाही, तेवढी अक्कल देवाने त्या क्षणी दिली. काकांनी दार उघडलं. खांद्यावर रेवा, चेहऱ्यावर हसू. "हळू, हळू, झोपलीय ती," म्हणाले.

मी त्यांना ढकलून आत घुसले. दूध उतू जाऊन बर्नर विझला होता आणि गॅस भसाभसा येत होता. काकी बाजारात, मुग्धा न्हाणीघरात. गॅसचं बटण बंद केलं, सगळ्या खिडक्या उघडल्या, मुग्धाला हाका मारून गाऊनवरच बाहेर काढलं, पोरीला माझ्या आईकडे दिलं. काही झालं नाही. खरंच काही झालं नाही, देवाची कृपा. पण काका जिन्याच्या पायरीवर बसले ते उठेनात. "माझ्या खांद्यावर होती गो ती," एवढंच म्हणत राहिले, तीनदा, चारदा.

काकी आल्यावर त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. मी कानात बोटं घालायच्या तयारीत होते, कारण काकीचा आवाज चढला की तळमजल्यावर कळतो. पण ती ओरडलीच नाही. पिशवी खाली ठेवली, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरा झाला बोललात ता. उद्यापासून दूध मी तापवतंय. आणि डॉक्टरकडे जावया." बस्स. मला जरा विचित्रच वाटलं. एवढी मोठी गोष्ट लपवली नवऱ्याने, आणि ही बाई चकितसुद्धा झाली नाही?

मुलुंडच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरीण तरुण होत्या. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, कधी कधी येतो परत, कधी नाही येत. खात्री देत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ चार वेगवेगळे वास हुंगायचे, मन लावून, आठवत आठवत. काका तिथेच उसळले, "तीस वर्षं मी हेच करून पोट भरलं, बाई! आता बालवाडीत बसवता?" डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "हो."

घरी येऊन त्यांनी चार बाटल्या केल्या. गुलाब, लवंग वगैरे नाही, ते बाकीच्यांसाठी. ह्यांच्या ज्युनिपर, धने, ईडलिंबाची साल आणि वेखंड. रोज सकाळी साडेसहाला, माझी पहिली बॅच यायच्या आधी, मी समोर बसायचे आणि कागदाची पट्टी त्यांच्या नाकाखाली धरायचे. डोळे मिटून ते सांगायचे, "धने." असायचं वेखंड. "लिंबू." असायचे धने. एकदा सलग चार बरोबर आले! मी आनंदाने ओरडणार, तर लक्षात आलं, पट्ट्यांवर मागून मी खुणेसाठी पेन्सिलीने आकडे घातले होते आणि हे पापण्यांच्या फटीतून वाचत होते. मी गणिताची बाई, माझ्याकडे कॉपी! असे काही झापले, की विचारू नका. "कोणाला फसवताय, काका? मला?" ते ओशाळून म्हणाले, "नाय गो. एक दिवस बरोबर येऊ दे, एवढाच वाटला." मग मलाच वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवशी पट्ट्या कोऱ्या आणल्या.

शनिवार बंद पडू दिले नाहीत त्यांनी. मापाने ओतायचे, आकडे मोजत ढवळायचे आणि ग्लास माझ्याकडे द्यायचे. "हुंग. ज्युनिपर पुढे आहे काय? लिंबू कधी येतं, आधी की नंतर?" मी बावळटासारखं काहीतरी सांगायचे, ते रागवायचे, पुन्हा हुंगायला लावायचे. जे काही मला कळतं म्हणून मी मुलुंडच्या लॉनवर मिरवलं, ते सगळं त्या महिन्यांतलं. स्वतः ते अर्धा घोट घ्यायचे आणि ग्लास ठेवून द्यायचे. "थंड आहे, कडू आहे," म्हणायचे. "पुढे काय नाय."

आषाढात वास यायला लागला, पण कसला? जळक्या टायरचा. चहाला टायर, आमटीला टायर, देवासमोरच्या मोगऱ्याला टायर. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, अरे वा, हे चांगलं लक्षण आहे. काका भडकले, "चायक टायराचो वास येता आणि म्हणे चांगला लक्षण!" श्रावणात मार्टिनी बंद असायची, वासाची बालवाडी मात्र चालू. गणपती आले, गेले. टायर थोडा कमी झाला. धने दोनदा बरोबर आले, कोऱ्या पट्टीवर. त्यापुढे गाडी हलेना. एक दिवस ते म्हणाले, "सुजाता, आता पुरे. तुझी सकाळ फुकट घालवतो मी." मी म्हटलं, "माझ्या सकाळचा हिशोब मी बघते. नाक पुढे करा." पण खरं सांगते, माझाही धीर सुटत आला होता.

मग तो आश्विनातला शनिवार. मुग्धा रेवाला घेऊन बोरिवलीहून दोन दिवस आली होती. बाहेर नुकता अंधार पडला होता. नाईक आपल्या जागेवर बसलेले. काकांनी ढवळलं, ग्लास भरला, मी सालीचा तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो ग्लासावर धरून पिळला आणि तसेच थांबले. साल बोटांत, हात हवेत.

"काय झालं, काका?"

त्यांनी साल नाकाशी नेली. मग ग्लास. मग पुन्हा साल. उठून उभे राहिले आणि चालू लागले. आम्ही सगळे आ वासून बघतोय. त्यांनी कोनाड्यातली उदबत्तीची पूड हुंगली, दारामागची ओली छत्री हुंगली, नाईकांची टोपी उचलून हुंगली आणि तोंड वाकडं करून परत ठेवली. पलंगावर मुग्धाच्या शेजारी रेवा बसली होती, तिच्या टाळूवर नाक टेकवलं आणि तिथेच राहिले. पोरगी त्यांचे कान ओढत होती. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली तेव्हा गालांवरून पाणी वाहत होतं. मीही रडत होते, मुग्धाही. नाईकांनी टोपी छातीशी धरली होती.

एवढ्यात काकी बोंबलांची ताटली घेऊन आतून आली. संध्याकाळची आंघोळ करून नुकतीच बाहेर पडली होती, केस ओले, काय चाललंय ह्याचा पत्ता नाही. काका तिच्या वाटेत आडवे उभे राहिले. "थांब," म्हणाले. तिच्या मानेशी वाकले, एक श्वास घेतला, मग दुसरा, आणि कपाळाला आठी घालून, अगदी कारखान्यातल्या टेबलावरचा परब होऊन म्हणाले,

"शैला, साबण बदललंस तू?"

काकीच्या हातातली ताटली कलली. मी धावत जाऊन धरली. ती मटकन खुर्चीत बसली.

"पौषात बदललंय," ती म्हणाली. "बर्फाचा भांडान बंद झाला तेव्हाच माका कळलेला. खात्री करूक मुद्दाम दुसरो साबण आणलंय, उग्र वासाचो. तुमी काय बोलाक नाय. तेव्हापासून रोज तोच लावतंय. रोज वाटायचा, आज इचारतीत, उद्या इचारतीत..." आणि पदर तोंडाशी धरून हमसाहमशी रडायला लागली.

काका तिच्यासमोर जमिनीवर बसले. "फालतू साबण आसा," म्हणाले. "स्वस्तातलो गुलाब."

"म्हायत आसा माका!" काकी रडता रडता ओरडली, तळमजल्यावर ऐकू जाईल अशी. मी ताटली टेबलावर ठेवली, मुग्धाने रेवाला उचललं, नाईकांना मी डोळ्याने खुणावलं, आणि आम्ही सगळे जिन्यात येऊन उभे राहिलो. दार ओढून घेताना दिसलं ते एवढंच, की काकांनी तिचा हात हातात घेतला होता आणि मनगट, तळवा, बोटं असं एकेक करून ते हुंगत होते, आणि काकी दुसऱ्या हाताने त्यांच्या डोक्यात टपल्या मारत होती.